डावीकडचं कोण सांगन

मेक्सिकोला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात व्हिसा, औषधं, स्वेटर यांपैकी कशावरच एवढी चर्चा झाली नाही, जेवढी गाडीवर झाली. जावयाच्या नोकरीमुळे मुलगी तिकडे मेरिदा नावाच्या शहरात राहते. जावयाला रजा मिळणार नव्हती आणि मुलीला गाडी चालवता येत नाही. म्हणून तिनं फोनवर विचारलं, तिकडची जुनी मंदिरं, समुद्र हे सगळं बसनं पाहायचं की बाबांसाठी गाडी किरायानं घेऊन ठेवू? बसेस चांगल्या आहेत म्हणाली, पण चार वर्षांच्या नातीला घेऊन बस बदलत फिरायचं म्हणजे जीव जातो. रविवारपर्यंत सांगा, म्हणाली.

झालं! आमचे हे त्या दिवसापासून हवेत. सारी उमर अमरावतीच्या कोर्टात वकिली केलेला माणूस. नांदगावची तारीख असो की सेमाडोहचा घाट, दुसऱ्याच्या हातात कधी स्टिअरिंग दिलं नाही. परदेशात गाडी चालवायचा परवाना आरटीओतून काढून आणला. जेवताना ताटात भाकरीचे तुकडे मांडून मला मेक्सिकोतला चौक समजावू लागले. मी म्हटलं, आधी भाजीत बुडवा आणि खा तो चौक.

मला चीड होती ती वेगळ्याच गोष्टीची. काचबिंदूनं यांच्या डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, डाव्या अंगाचं दिसत नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं की गाडी शक्यतो नकोच. दवाखान्याबाहेर आल्यावर हे म्हणाले, डॉक्टर लोक घाबरवतातच. त्यानंतर तो विषय यांनी कधी जिभेवर येऊ दिला नाही. मुलीला कळवलं ते इतकंच, की डोळ्यात थेंब घालणं चालू आहे.

गाडी मात्र चालू होती. ती कशी? तर मी डावीकडच्या सीटवर बसून बोलत राहायची. सायकल. म्हैस. टेम्पो निघून राहिला. यांनी कधी ‘सांग’ म्हटलं नाही आणि मी कधी ‘सांगते’ म्हटलं नाही, हळूहळू तशी रीतच पडून गेली. ओळखीच्यांना वाटायचं, मास्तरीणबाई रिटायर झाल्यापासून भल्ली बडबड करते.

त्या आठवड्यात आम्ही अकोल्याला गेलो. यांची मोठी बहीण तिथे असते, आणि परदेशी निघण्याआधी तिच्या पाया पडणं आलंच. परत निघताना ती म्हणाली, मीही अमरावतीला येते, बॅगा भरू लागते. आता आमच्याकडे मोठी नणंद गाडीत बसणार म्हटलं की पुढची जागा तिची आणि भावजय मागे. यात विचारण्यासारखं काही नसतंच. मी मुकाट्यानं कुरडया-सांडग्यांच्या पिशव्यांसोबत मागे बसले. बोलणार काय? ताई, तुम्ही मागे बसा, तुमच्या भावाला दिसत नाही, असं?

नणंदबाईंनी मूर्तिजापूरपर्यंत आपल्या जावेची गाऱ्हाणी सांगितली. मी मान लांबवून पाहत होते, पण त्यांच्या डोक्याआडून रस्ता काही दिसेना. मूर्तिजापूरच्या पुढे चहासाठी म्हणून यांनी गाडी डावीकडे घेतली, आणि नेमका तिथेच दुधाचे कॅन लटकवलेला मोटरसायकलवाला होता. तो ओरडला तेव्हा मला कळलं. यांनाही तेव्हाच कळलं. करकचून ब्रेक लागला. एक कॅन दाराला घासत गेला आणि तो माणूस कसाबसा पाय टेकून उभा राहिला. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा.

नणंदबाईंनी काच खाली करून त्यालाच झापलं. “आंधळा हायेस काय रे? येवढी गाडी दिसून नाही राहिली तुले?”

यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. खरं सांगते, मला कीव नाही आली, संताप आला. चहाच्या टपरीवर नणंदबाई हात धुवायला गेल्या, तेव्हा मी बोललेच.

“तिकडं सारं उलटं असते. डायव्हर डावीकडं आन मी उजवीकडं. समोरून येनारं सारं तुमच्या डाव्या हातानं येईन. कोन सांगन तुमाले? मागं नात बसून राहीन, ते सांगन काय?”

कोर्टात प्रत्येक वाक्याला हरकत घेणाऱ्या या माणसानं चहा संपवला, कप ठेवला, आणि हात धुऊन आलेल्या बहिणीला हे म्हणाले, ताई, तू मागे बस. नणंदबाई बडनेऱ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मी पुढे बसून सायकली आणि म्हशी सांगत होते.

रविवारी मुलीचा फोन आला. मी पोळ्या करत होते, मुद्दामच बाहेर गेले नाही. मनाशी ठरवून ठेवलं होतं की हे ‘हो’ म्हणाले तर फोन हिसकावून घ्यायचा आणि सगळं सांगून टाकायचं. मग घरात किती का अबोला होईना. पण हे म्हणाले, गाडी नको, बसनं फिरू. मुलीला पटेना. परवाना काढला, एवढे खूश होतात, मग आता झालं काय, असं ती खोदून खोदून विचारत होती. फोन स्पीकरवर होता, मला सगळं ऐकू येत होतं.

“मले डावीकडचं दिसत नाही,” हे म्हणाले.

ती म्हणाली, “बाबा, पण तुम्ही तर आताच अकोल्याला जाऊन आलात. गाडी कोणी चालवली?”

“तुझी आई चालवते. मी नुसतं स्टिअरिंग धरून बसतो.”

हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, आणि मला तव्यासमोर उभ्या उभ्या रडू आलं.