नाडी धरणाऱ्या बाई

बाई बोलायच्या आधी समोरच्याचं मनगट धरायच्या. पेशंट असो, आया असो, चहावाला असो. दोन बोटं नाडीवर, नजर घड्याळावर, आणि मग, "हं, सांग आता. भेऊ नोको." तुमच्याही दवाखान्यात अशी एखादी सिस्टर तुम्ही पाहिली असेल. सगळ्यांना वाटायचं, बाईंची सवय आहे. मलाही तसंच वाटायचं. मला तेव्हा काहीही वाटायचं.

आज नातवंडांना मी खमकी आजी वाटते. त्यांनी तेव्हाची मी पाहायला हवी होती. चाळिशी उलटलेली, भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात कंत्राटावर लागलेली सिस्टर. दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरसाहेबांच्या बुटांचा आवाज आला की मी कापसाच्या घड्या घालायला लागायचे. कापसाची घडी कधी कोणी घालतं का? मी घातली आहे.

बाई आमच्या प्रसूती वॉर्डाच्या इन्चार्ज, आणि जिल्ह्यातल्या परिचारिकांच्या संघटनेच्या पुढारी. मागणी एकच, रात्री वॉर्डात दोन सिस्टर द्या. निवेदनं देऊन झाली, धरणं झालं. सगळीकडून उत्तर यायचं, "बघू."

मग ती रात्र आली. वॉर्डात मी एकटी. एकीचं बाळंतपण झालं आणि रक्त थांबेना, तर पलीकडे दुसरीचं बाळ यायला लागलं. एका हाताने हिचं पोट दाबून धरत मी हाका मारत होते, आणि धावून आली कोण, तर तिसरीची सासू. दोघी वाचल्या. सकाळी बाईंनी माझं मनगट धरलं. मग म्हणाल्या, "आज वाचल्या वो. रोज वाचतीन का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत मंत्री दवाखाना पाहायला येणार असं कळलं. बाईंनी ठरवलं, त्यांनाच विचारायचं. ही बातमी वर गेली आणि वरून निरोप खाली आला. जी तोंड उघडेल तिची बदली, आणि कंत्राटी असेल तर तिने दुसऱ्या दिवशी येऊच नये. घरात कमावती मी एकटी. मला जेवण जाईना. बाई म्हणाल्या, "मी बोलीन. कोन होती त्या राती, असं विचारलं तं तू फक्त 'मी होती' म्हनजो."

"अन् नोकरी गेली तं, बाई?"

"भेव मलेही लागते. पन त्या रातीचं आयकून लागला तितका नाही."

मंत्री आले. अशी माणसं थांबत नाहीत, हसत हसत पुढे सरकतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंच्या हातात गुच्छ दिला होता. मंत्र्यांनी तो घ्यायला हात पुढे केला. गुच्छ राहिला बाईंच्या काखेत, आणि बोटं गेली मंत्र्यांच्या नाडीवर.

नाडी मोजणाऱ्या सिस्टरचा हात झटकायची हिंमत आपल्याकडे कोणातच नसते. बाईंचा चेहरा भीतीने पांढरा पडलेला. तो पाहून मंत्रीही पांढरे पडले. त्यांनी हळूच विचारलं, "सिस्टर, काही गडबड आहे का?"

"हाव साहेब," बाई म्हणाल्या, "राती या वॉर्डात एकच सिस्टर असते."

आणि त्यांनी ती सगळी रात्र सांगितली. हात न सोडता.

"कोण होतं ड्युटीवर?" मंत्र्यांनी विचारलं. त्यांच्या खांद्यामागून आमचे साहेब माझ्याकडेच पाहत होते. मी कापूस शोधला, जवळ नव्हता. "मी होती," म्हटलं. आवाज शेळीच्या पिलासारखा निघाला, पण निघाला.

मंत्री आमच्या साहेबांना म्हणाले, "दुसरी सिस्टर द्या यांना." तेव्हा कुठे बाईंनी मनगट सोडलं.

नंतर मी विचारलं, नाडी मुद्दाम धरली का. "कायची मुद्दाम! भेव लागला की हात धरावाच लागते मले. जो समोर आला तो धरला."

पुढचे काही दिवस शिपाई कागद घेऊन वॉर्डात शिरला की मी कापसाच्या घड्या घालायला लागायचे. दुसरी सिस्टर आली. माझं कंत्राट राहिलं, का राहिलं ते आजवर कळलं नाही. आणि बाईंचा बदलीचा हुकूम आला, पार जंगलाच्या कडेला. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं, तेव्हा कुठे मला उमगलं. इतकी वर्षं त्या हात धरायच्या तेव्हा जे कापायचं ते मी आपलंच समजत होते. कापायची ती त्यांची बोटं.

निवृत्तीनंतर त्या भंडाऱ्याजवळ कारध्याला लेकीकडे राहायच्या. शेवटचं भेटायला गेले तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मी सवयीने मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. नाडी पटकन सापडेना.

"मोजू नोको," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "नुसता धरून राय."

धरून बसले. त्यांचा हात अगदी शांत होता. कापत होती ती माझी बोटं.