साडूचा गळा

माझ्या साडूचा गळा ज्यानं पाहिला नाही, त्यानं मत्सराच्या गोष्टी माझ्यापुढे सांगू नयेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस मुकुटबनकडचा, शेतीतला, उन्हात राबून तव्यासारखा रापलेला. पण दाढी झाल्यावर हनुवटीखाली जे उघडं पडतं, ते पाहून वाटतं की देवानं हा गळा एखाद्या मूर्तीसाठी घडवून बाजूला ठेवला होता आणि संध्याकाळच्या घाईत चुकून याला जोडून टाकला. त्या गळ्यावर माशी टिकत नाही. बसते, घसरते आणि शर्टात जाते. मी स्वतः पाहिलं आहे. एक तर अजून बाहेर आलेली नाही.

आणि माझा गळा! वस्तरा फिरल्यावर तासाभरात त्याच्यावर असं पुरळ उठतं की कानाखालून कंठापर्यंत जागा मिळेल तिथं लाल गाठी, आणि मागून आलेल्या गाठी जागेसाठी भांडताना दिसतात. आग इतकी की एका दिवाळीला सासऱ्यांनी मला संध्याकाळभर दारातच उभं ठेवलं आणि आकाशकंदील पेटवायचा राहून गेला, तर कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

घरी राळेगावला मी आपलं साधं मशीन फिरवतो. दुकान मोटार वाइंडिंगचं, गिऱ्हाईक मोटार पाहतं, माझा गळा कोण पाहतो? वस्तऱ्याशी गाठ पडते ती सासरी, उमरखेडला. तिथं आता आरशांची, फिरत्या खुर्च्यांची सलून झाली आहेत, पण सासऱ्यांना ती पटत नाहीत. घरात कार्य निघालं की सकाळी घरचा न्हावी अंगणात येतो. कडुनिंबाखाली लाकडी खुर्ची, खुंटीला धार लावायचा चामड्याचा पट्टा, आणि खरा पोलादी, दुमडता वस्तरा. रिवाज असा की खुर्चीवर पहिला बसतो तो मोठा जावई. त्याच्या आधी कोणाच्याही गालाला साबण लागायचा नाही. नवरदेवाच्याही नाही. सासरे तर भिंतीशी उभे राहून वाट पाहतात.

मोठा जावई मी. आता सांगा, असली खुर्ची कोण सोडेल? मी अंथरुणातून उठतो तो डोळे न उघडता थेट खुर्चीतच पोचतो.

दुःख वेगळंच आहे. न्हावी तोच, वस्तरा तोच, साबण तोच, सकाळ तीच. मी पहिला, साडू सगळ्यात शेवटचा. आणि दुपारच्या पंगतीला आम्ही शेजारी बसलो की बायको वाढता वाढता मुद्दाम थांबते.

"पाहा बरं त्यायचा गळा कसा हाय. अन् तुमचा? बोंडअळी लागल्यावानी दिसून राह्यला."

साडू लाजतो. तो लाजला की गळा आणखी चमकतो. मग मी पानातलं वरण नुसतं कालवत बसतो.

मला पक्का संशय होता की हा चोरून काहीतरी लावतो. मागे एका बारशाला तो बाहेर गेलेला पाहून मी त्याची पिशवी चाळली. एक ट्यूब सापडली. ऐवज हाती लागला म्हणून घाईघाईनं सगळा गळा माखला. ती दातांची निघाली. त्या दिवशी मी बोललो की माझ्या कॉलरमधून फेस यायचा, आणि सासूबाई दोन्ही हात कानाशी नेऊन देवाचं नाव घ्यायच्या.

यंदा मेहुण्याचं लग्न निघालं आणि प्रकरण हातघाईवर आलं. सासूबाईंनी ठरवलं की दोन्ही जावयांना एकसारखे, मरून रंगाचे, बंद कॉलरचे कोट शिवायचे. नवरदेव मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साडू, भोवती सगळं घर, असा मोठा फोटो काढायचा आणि तो बैठकीच्या भिंतीवर कायमचा लावायचा. कायमचा! म्हणजे माझी नातवंडं या घरी येतील आणि भिंतीकडे बोट दाखवून विचारतील, हे आजोबा असे सोललेले का आहेत? आणि शेजारी तो गळा. मला कोटाचं माप द्यायचीसुद्धा इच्छा राहिली नाही.

हळदीच्या सकाळी रिवाजाप्रमाणे मी पहिला बसलो. टाकीचं गार पाणी गालाला लागलं, दोनचार वेळा ब्रश फिरला, मी नेहमीच्या रुबाबात हुकूम सोडला, "दोन हात पायजेत. उलटा बी मार. काचेवानी झाली पायजे!" न्हावी म्हणाला, "तुम्ही म्हन्ता तसं, जावाईबापू." उलटा हात झाला, वरून तुरटी घासली, वरून वासाचं लोशन, वरून पावडर, मग मी खरबरीत टॉवेलनं सगळं खसाखसा पुसलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. मोठ्या जावयाला काही कमी पडता कामा नये. ओट्यावर पोचेपर्यंत गळा पेटला होता.

पण या वेळी मी ठरवलंच होतं. मी कूलरच्या मागे जाऊन बसलो आणि साडूची पाळी यायची वाट पाहिली. किती वेळ बसलो ते विचारू नका. डासांनी माझ्यावर वस्ती केली, एका पालीनं मला भिंतच समजून माझ्यावरून ये-जा सुरू केली.

तोवर सगळ्या घराच्या दाढ्या उरकल्या. चुलीवरचा हंडा उकळला. साडू गरम पाण्यानं आंघोळ करून, बनियनवर, गळ्याला वाफाळता ओला टॉवेल गुंडाळून आला आणि तसाच बसून न्हाव्याशी शेतातल्या पऱ्हाटीच्या गप्पा मारू लागला. टॉवेल काढला तेव्हा दाढीचे खुंट पावसातल्या गवतासारखे मऊ झाले असणार. न्हाव्यानं फेस केला तोही निवांत, घोटून घोटून. मग साडूनं स्वतःच बोटांनी गळा चाचपून दाखवला.

"अथी केस खाली जातेत, अन् हे कंठापाशी आडवे. जसे हायेत तसाच चालव. दाबू नको."

"दुसरा हात?"

"काही नाही पायजे. थोडं राह्यलं त राहू दे."

वस्तरा केसांच्या कलानं, हलका, चामडी ताणून असा चालला की आवाजसुद्धा येईना. मग गार पाण्याचे हबके, टॉवेल नुसता टेकवून टिपला. लोशन नाही, पावडर नाही, कॉलर नाही. झालं!

इतकंच? एवढ्याशा गोष्टीसाठी मी इतकी वर्षं जळत होतो? म्हणजे त्याचा गळा देवानं केलेला नव्हता, तर हंड्यानं केलेला होता! शेवटी बसायचं, आंघोळ करून बसायचं, एकच हात मारायचा. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण शेवटी बसायचं म्हणजे पहिली खुर्ची सोडायची. एकदा सोडली की ती साडूची. मग त्याची बायको साऱ्या मुकुटबनला सांगणार की मोठ्याला उठवून आमच्या ह्यांना बसवलं. खुर्ची ठेवली तर भिंतीवर सोललेला गळा, गळा राखला तर खुर्ची गेली. त्या दिवशी हळदीत सगळे पिवळे झाले, मी एकटा मत्सरानं हिरवा होतो.

लग्नाच्या सकाळपर्यंत माझं पुरळ बसलं होतं, आणि मी न्हाव्याच्याही आधी अंगणात हजर होतो. सगळे जमू दिले. साडू नुकताच उठून, चहाचा कप हातात घेऊन आला होता. मी खुर्चीपाशी गेलो, बसलो मात्र नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून भाषणच ठोकलं.

"आज पहिला हात साडूभाऊचा. वयानं लहान असतील, पन माहे भाऊच हायेत. घरातलं शेवटचं लग्न हाय. मोठेपना कितीक दिवस एकट्यानं खायचा?"

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. सासरे मला पाहतच राहिले. माझ्यात असला माणूस दडलेला असेल अशी त्यांना कल्पना नव्हती. मलाही नव्हती.

साडू घाबरला. "नाही नाही, दादा, मी आपला मंग बसतो. माही आंघोळ व्हायची हाय."

"आंघोळ कायले पायजे? बसा!"

"पानी तरी तपू द्या..."

सासरे गरजले, "बापू, मोठे जावाई येवढं म्हनून राह्यले, अन् तुमी नाही म्हन्ता?"

तो बसला. मी जवळ जाऊन न्हाव्याच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. "आमच्या साडूले काही कमी नाही पडलं पायजे बरं. दोन हात. उलटा बी. काचेवानी."

"दोन नको..." साडू फेसातून पुटपुटला.

"लाजून राह्यले," मी सांगितलं. न्हावी हसला, त्यानं हनुवटी वर धरली आणि ताठ, थंड, झोपाळू दाढीवर वस्तरा कर्र कर्र चालू लागला. तो आवाज मला वाजंत्र्यांपेक्षा गोड लागला. नंतर तुरटी, लोशन, पावडर मी स्वतःच्या देखरेखीखाली लावून घेतली.

मग मी आंघोळीला गेलो ते हंडा रिकामा करूनच बाहेर आलो. गरम टॉवेल, घोटलेला फेस, केसांच्या कलानं एकच हलका हात, गार पाणी. आरशात पाहिलं तर गळा असा झाला होता की त्यात मला माझा चेहरा दिसला. मी हात फिरवला, हात घसरून खांद्यावर गेला. कोट घातला, पण कॉलरचा हूक मुद्दाम उघडा ठेवला आणि मांडवात गळा पुढे काढून बगळ्यासारखा हिंडू लागलो.

बायको समोरून आली. मी हनुवटी वर केली. "काही दिसते का आज?"

"सरका अवो, बर्फ कुठी हाय?" ती म्हणाली आणि पळाली.

कारण साडूच्या गळ्यावर पुरळ उठलं होतं. बंद कॉलरनं ते घासून लालभडक झालं होतं. त्याला पंख्यापुढे खुर्ची दिली होती. सासूबाई कोरफडीचं पान चिरून हातानं गर लावत होत्या. माझी बायको रुमालात बर्फ धरून उभी, त्याची बायको वारा घालतेय, नवी नवरी, जिला घरात येऊन घटकाही झाली नव्हती, ती विचारते, "लय आग होते का, भाऊजी?" माझी इतकी वर्षं आग झाली, मला कोणी कोरफड दाखवलीसुद्धा नाही! मला म्हणायचे, खाजवू नका, चांगलं दिसत नाही.

फोटोवाला ओरडला. साडूला उभं राहवेना म्हणून त्याची खुर्ची मधोमध ठेवली, कोटाची बटणं उघडीच. आता तो फोटो बैठकीत लागला आहे. सगळं घर, नवरदेवासकट, वाकून त्याच्या गळ्याकडे पाहतं आहे. एका कोपऱ्यात मी, एकटाच कॅमेऱ्याकडे तोंड करून, गळा ताणलेला. परवा पाहुणे आले, त्यांनी विचारलं, हे कोपऱ्यातले केटरिंगवाले का?

मी फोटोजवळ जाऊन नीट पाहिलं. माझं पुरळ म्हणजे नुसता गोंधळ असायचा, इथं झुबका, तिथं ठिपका. त्याचं पाहा. बारीक, एकसारखं, कंठाभोवती पोवळ्यांची माळ घातल्यासारखं. हरामखोराला पुरळसुद्धा माझ्यापेक्षा देखणं उठलं.