हिरव्या बटणावरची दोरी

दर्पण बर्फवाला चांगला माणूस, असं सातपाटीत कुणी म्हटलं की हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चांगला! अहो, तिच्या उजव्या हाताची बोटं त्याच्या बर्फ फोडायच्या मशीनमध्ये गेली, तीही त्याच्या आळसापायी. लाइट गेली की मोटर बंद पडते आणि आल्यावर हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. तेवढेही कष्ट नकोत म्हणून या बाबाने बटणावर जाळ्याची दोरी आवळून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. लाइट नव्हती म्हणून त्याच्याकडे कामाला असलेली हेमांगी अडकलेला बर्फ हाताने काढत होती, आणि लाइट आली.

वर गावभर काय सांगितलं? "दोरीबिरी काय नाय. तिचाच धक्का लागला बटणाला." दोरी त्याने केव्हाच खाडीत फेकली होती. बोटं गेली ते तिने सोसलं, पण 'हेमांगी वेंधळी' हे काही तिच्या घशाखाली उतरेना. ती बोईसरला भावाकडे, सुजीत वायरमनकडे गेली आणि डाव्या हाताने वायरिंग शिकली. हट्टाने.

यंदा ऐन हंगामात दर्पणचा स्टार्टर जळला. होड्या बर्फासाठी खोळंबल्या, दुसरा वायरमन मिळेना. झक मारत त्याने हेमांगीला बोलावलं. तिने नवा काँटॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, बसवला, लाल-हिरवी बटणं जोडली, मशीन सुरू केलं आणि बटणांच्या पेटीचं झाकण लावून त्यालाच पाठ टेकून बसली. घरी जायचं नावच घेईना. लाइट जायची वाट बघत होती.

गेली एकदाची! मशीनच्या तोंडात बर्फ अडकलेला.

"दर्पणशेठ, घाला हात. काढा तो बर्फ."

"मेन पाड आधी."

"मी हात घातला तेव्हा कुणी पाडला होता?"

बर्फाला आलेल्या कोळणी जवळ सरकल्या. दर्पण पेटीकडे बघत राहिला. त्याचं तोंड उतरलं.

"हेमांगी, बटणाला दोरी नाय ना बांधलीस?"

"कसली दोरी रं?" म्हातारी जिवली पुढे आली. "तू तर म्हणत होतास, दोरीबिरी काय नाय!"

सगळ्या बायकांनी त्याला घेरलं. "घाल हात," जिवली म्हणाली. त्याने घातला, आणि तेवढ्यात दिवा लागला.

दर्पण असा किंचाळला की होडीवरचे लोक धावत आले. मशीन मात्र जागचं हललं नाही. लाइट जाताच काँटॅक्टर सुटला होता, आणि बटण कुणी दाबलंच नव्हतं.

हेमांगीने झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं. दोरी नव्हती.

"मोज बोटं," ती म्हणाली. "सगळी हायत. आता माझी कशी गेली ते सांग यांना."