चिंगीचं पाण्याचं भांडं

समडोळीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या राजमती आक्कांचा अख्ख्या गावावर संशय होता. एरवी गिऱ्हाईक गिरणीवालीवर नजर ठेवतं, इथं आक्का गिऱ्हाइकाच्या डब्यात हात घालून बघायच्या, जोंधळ्यातून खडे आणून आपली गिरणी कोण बिघडवतंय म्हणून. भरवशाची अशी एकटी चिंगी, त्यांची कुत्री. आक्कांचा नवरा वारल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, ती गिरणीच्या दारात बसून होती.

त्या चिंगीची लघवी अडायला लागली. दहा ठिकाणी बसायची, कण्हायची आणि चार थेंब पडायचे, तेही लालसर. शेजारच्या इंद्रजितनंच काहीतरी खायला घातलं, आक्कांची खात्री झाली. त्याच्या कोंबड्यांवर ही भुंकायची ना! जनावरांच्या डॉक्टरांनी मूत्राशयात जंतू झालेत म्हणून गोळ्या दिल्या. त्या संपल्या, चिंगी बरी झाली, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. आता आक्कांचा डॉक्टरांवरही संशय. मुद्दामच अर्धं बरं करतोय मेला!

"आवं आक्का, पाठीच्या कन्याची शीर दबली आसंल," दळण घेऊन आलेला बिराप्पा म्हणाला. "नांद्र्याच्या जाफरकडं न्या. मान्सांची, बैलांची, समद्यांची हाडं बसवतोय त्यो."

आक्का गेल्या, पण चिंगीला मांडीवरून खाली उतरवेनात. "झटकाबिटका दिलास तर बघ," त्यांनी आधीच दम भरला. आठ वर्षांची सोबत या अनोळखी हातात द्यायची होती.

जाफरनं आक्कांच्या मांडीवरच चिंगीच्या मानेपासून शेपटीपर्यंत अंगठा फिरवला. मागचे पाय उचलून बघितले.

"हाडात काय न्हाई, आक्का. ह्ये माजं काम न्हवं. उगं दाबाय गेलो तर पाप लागंल. डॉक्टरकडंच न्या, लघवी तपासा." मग त्यानं विचारलं, "पानी किती पिती?"

"सकाळी दोन भांडी पिती."

"आन् सांजच्याला?"

"आम्ही जैन. आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी पाणी घेत नाही," आक्का ताठ मानेनं म्हणाल्या. "हिचंही भांडं मी उचलून ठेवते. दारही उजाडल्यावरच उघडते."

जाफरनं चिंगीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आक्का, नेम तुमचा हाय. तिला इचारलं व्हतं का?"

आक्का चिंगीला घेऊन उठल्या. परतताना त्या तशाच डॉक्टरांकडं गेल्या, लघवी तपासायला दिली आणि भांड्याची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली. "पाणी कमी आणि रात्रभर लघवी कोंडलेली," डॉक्टर म्हणाले, "मग जंतूंना आयतंच फावतं." त्यांनी नव्या गोळ्या लिहून दिल्या. आक्कांना लाज वाटली. सगळ्या गावाची झडती घेऊन झाली होती, फक्त स्वतःच्या घराची राहिली होती.

त्या दिवशी दिवस मावळला तसा आक्कांनी आपला तांब्या पालथा घातला आणि पाणी गाळून भरलेलं भांडं चिंगीपुढं ठेवलं. चिंगी हलली नाही. जीभ बाहेर, पण नजर आक्कांच्या हाताकडं. भांडं आता उचललं जाणार, हे तिला ठाऊक होतं.

आक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पी गं बाई," त्या म्हणाल्या. "न्हाई उचलत."

तरीही चिंगी कितीतरी वेळ त्यांच्याकडं संशयानं बघत राहिली.