शाल-नारळाचं ताट

माइकवर माझं नाव पुकारलं. मी उठलो, शर्ट नीट खोचला, केसांवरून हात फिरवला. कल्याणचा तो हॉल माणसांनी भरलेला. बाबा माझ्या शेजारी बसलेले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदाच.

स्टेजवर गेलो. मोठे साहेब माझ्याकडे बघून हसले. त्यांनी टेबलावरचं ताट उचललं. ताटात शाल, नारळ, हार, पेढ्यांचा बॉक्स. मी मान जरा पुढे केली. हारासाठी. साहेबांनी ताट माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले,

"जरा धरा. यांचा सत्कार होईपर्यंत."

यांचा म्हणजे माझ्या असिस्टंटचा.

तो माझ्या हाताखालचा. टीमचा प्रमुख मी. उत्कृष्ट पूल अभियंता आणि उत्कृष्ट टीमप्रमुख म्हणून शाल पडली त्याच्या खांद्यावर. माइकवरचा माणूस सांगत होता, खाडीवरच्या जुन्या रेल्वे पुलाचे गर्डर, म्हणजे लोखंडी तुळया, बदलायचं काम किती अवघड, भरती-ओहोटी सांभाळून कसं केलं, पुलावर राबणाऱ्या एकाही खलाशाला साधं खरचटलंसुद्धा नाही. सगळं खरं. फक्त माणूस भलताच.

मी ताट धरून उभा. हलायची सोय नाही, नारळ गडगडेल. ताट मोकळं झालं तरी मी धरूनच उभा होतो. शेवटी कोणीतरी खुणावलं, उतरा आता. खाली बाबा टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या थांबल्या, त्यांच्या चाललेल्याच.

पुलाच्या कामात आमच्याकडे एक पद्धत आहे. नियमात कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. नवा गर्डर बसला की पहिली गाडी हळू सोडतात. त्या वेळी ज्याने गर्डर बसवला त्याने पुलाखाली जाऊन उभं राहायचं. वर गाडी, खाली आपण. गर्डर किती दबतो, परत वर येतो की नाही, डोळ्यांनी बघायचं. खलाशांना तेवढीच खात्री. आपला साहेब खाली उभा आहे, म्हणजे काम पक्कं आहे.

त्या पुलाच्या पहिल्या गाडीला मी खाली गेलो. गुडघाभर चिखल. आमचा मुकादम कोलशेतचा कोळी माणूस, अंगाने दणकट, बोलायला फटकळ. तो म्हणाला, "साहेब, तुमी खाली हाव ना, मंग आमी पन हाव." सगळी गँग आली माझ्यामागे. गाडी आली तशी डोक्यावर गंजाचा चुरा पडायला लागला. मुकादमाने माझा दंड घट्ट धरलेला. गर्डर किंचित दबला. परत वर आला. मी रडलो की घाम होता, काय माहीत.

मोठे साहेब तेव्हा काठावर. खुर्ची टाकलेली, वर छत्री, हातात थर्मासचा चहा. असिस्टंट त्यांच्या बाजूला. मी त्याला हाक मारलेली, खाली ये रे, शिकायला मिळेल. तो निघालाही होता. पोरगा तसा वाईट नव्हता. साहेबांनी त्याचा शर्ट मागून ओढला, कपडे कशाला खराब करतोस म्हणाले. गणपतीला त्याचं जेवण साहेबांच्या घरी असायचं. आमच्या घरी बुद्धाची तसबीर, आम्हाला ते बोलावणं कशाला येणार?

समारंभानंतर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. धीर करून विचारलं, सर, काम माझ्या टीमचं होतं. त्यांनी चष्मा पुसला. राग वगैरे काही नाही. अगदी समजावणीच्या सुरात बोलले.

"तुम्हाला काय कमी आहे? तुम्ही कोट्यातले. प्रमोशन आपोआप मिळतं. शाल तरी दुसऱ्याला मिळू द्या."

मी म्हणालो, "हो सर."

हो सर! डिप्लोमाला पहिल्या वर्गात आलेलो मी. खात्याच्या परीक्षेत पहिला आलेलो मी. तोंडातून निघालं ते एवढंच. बाहेर येऊन पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तक्रार करायची तर ती पुन्हा त्यांच्याच टेबलावर जाणार. गोपनीय अहवाल लिहिणार तेच. भांडायचं कोणाशी, आणि कोणाच्या जिवावर?

आणि नवीन काय होतं त्यात? डोंबिवलीत खोली बघायला गेलेलो तेव्हा मालकीणबाईंनी चहा दिलेला. रेल्वेत इंजिनियर म्हटल्यावर खूश. मग विचारलं, आडनाव काय? आडनाव ऐकून परत विचारलं, म्हणजे मूळचे कुठले? सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, खोली भाच्याला लागणार आहे. मी बायकोला म्हटलं, जाऊ दे. जाऊ दे, जाऊ दे करत इथवर आलो.

बाबा ट्रॉलीमन होते. लाइन तपासायला साहेब ट्रॉलीवर बसायचे आणि बाबा रुळावरून धावत ती ट्रॉली ढकलायचे. उन्हात तापलेला रूळ. धावता धावता साहेबांची छत्री पडली तर मागे जाऊन उचलून आणायची. रिटायर झाल्यावरही साहेब शब्द ऐकला की ते उभे राहतात. रेडिओवर कोणी साहेब म्हटलं तरी हलतात, असं आई चिडवायची.

समारंभाच्या संध्याकाळी चाळीत बाबांनी पेढे वाटले. आमचा मुलगा स्टेजवर होता, मोठ्या साहेबांच्या अगदी बाजूला. मला ऐकवेना. त्यांना आत ओढून नेलं आणि म्हटलं, बाबा, अहो, मी ताट धरायला उभा होतो.

ते म्हणाले, "मग काय झालं? आम्ही तर स्टेजच्या मागे उभे राहायचो."

पुढे त्यांनी समारंभाचा फोटो मागून आणला. त्यात असिस्टंट, साहेब, आणि कडेला मी, ताटासकट. बाबांनी त्याला फ्रेम केली आणि बुद्धाच्या तसबिरीखाली टांगली. रोज सकाळी फडक्याने पुसायचे. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायचो.

पुढच्या वर्षी दुसरा पूल. तसाच चिखल, तीच गँग, पहिल्या गाडीला खाली पुन्हा मीच. पुन्हा समारंभ. या वेळीही शाल मला नाही, हे आधीच कळलेलं. मी जाणारच नव्हतो. बाबा मात्र सकाळपासून तयार होऊन बसलेले. गेलो.

माइकवर माझं नाव आलं. साहेबांनी ताट उचलून पुढे धरलेलं. मी बसून राहिलो. ठरवून केलं असं नाही. पुन्हा नाव पुकारलं. लोक माना वळवून बघायला लागले.

"ऊठ ना रे," बाबा कुजबुजले. "साहेब बोलावतायत."

मी मान हलवली.

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्टेजकडे. साहेबांचे हात ताटाखाली ताटकळलेले. आणि बाबा उठले. सदरा खाली ओढला, चपला खुर्चीखाली काढून ठेवल्या आणि स्टेजकडे निघाले. अनवाणी. माझ्या वाटचं ताट धरायला. पोराची नोकरी जाऊ नये म्हणून.

तापलेल्या रुळावरून हा माणूस असाच धावला असेल. मी झेप घेऊन त्यांचं मनगट पकडलं. भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"बाबा, बसा. ताट कोणी धरायचं नाही."

ते सोडवून घ्यायला बघत होते. "सोड रे, सोड," म्हणत होते. मी सोडलं नाही. शेवटी बसले, मान खाली घालून. स्टेजवर कोणीतरी पटकन ताट घेतलं, शाल पडली, टाळ्याही वाजल्या. त्यांचं काही अडलं नाही.

माझं अडलं. बदलीची ऑर्डर आली, लांबची. मुकादम कोलशेतहून घरी आला, म्हणाला, "जल्लं त्यांचं बक्षीस." आमच्या दोघांच्या हातात काही नव्हतं. बाबा माझ्याशी बोलेनात. तू बरोबर केलंस असं ते अजूनही म्हणालेले नाहीत. म्हणतील असं वाटतही नाही. भिंतीवरचा फोटो मी काढला तेव्हा ते नुसते बघत राहिले.

बदलीच्या गावीही पूल आहेत. पहिल्या गाडीला मी खाली उभा राहणार, ते माझं काम आहे. पण समारंभात माझं नाव पुकारलं तर बसल्या जागेवरून विचारणार, शाल घ्यायला बोलावताय की ताट धरायला? ताट धरायला असेल तर मी उठणार नाही. आणि माझ्या बापालाही उठू देणार नाही.