बकुळीच्या बुंध्यापर्यंत

नलूकाकू आज सकाळी गेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना सोसायटीची नोटीस देणारा सेक्रेटरी मीच.

बोरीवलीत आमच्या बी विंगला तळमजल्यावर राहायच्या. एकट्याच. महापालिकेच्या पाणीखात्यातून रिटायर झालेल्या.

पाण्याबाबत भयंकर चिक्कू. टँकर आला की आम्ही गाड्या धुवायला घ्यायचो आणि त्या नुसत्या बघत उभ्या राहायच्या. ते बघणंच जास्त लागायचं.

मागच्या बाजूला त्यांनी तीन बकुळी लावल्या होत्या. मी शोभेच्या पामसाठी मागे लागलो होतो, कारण फोटो झकास येतात. त्यांनी मला साफ वेड्यात काढलं.

प्रत्येक झाडाचं आळं जमिनीपेक्षा खोल. पार्किंगवरून गटारात वाहून जाणारं पावसाचं पाणी तिथे येऊन मुरायचं.

उन्हाळ्यासाठी घरोघरी बेल वाजवून त्यांनी लोकांच्या एसीला पाइप जोडायला लावले. ते ठिबकणारं पाणी थेट बकुळींना. टँकरची एक बादलीसुद्धा त्या झाडांना कधी लागली नाही.

मग आम्ही पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं.

जनरल बॉडीत काकूंनी एवढंच मागितलं, की बुंध्याभोवती दोन हात माती उघडी ठेवा. मी सगळ्यांसमोर हो म्हटलं. मिनिट्समध्ये लिहिलं, माझ्याच अक्षरात.

काम सुरू झाल्यावर दोघं-तिघं कानाशी लागले. आळी बुजवली तर अजून दोन गाड्या लागतील म्हणाले.

त्यातली एक माझी होती.

मी कंत्राटदाराला सांगितलं, बुंध्यापर्यंत घेऊन टाक.

आणि काकूंना सांगितलं, त्याने चूक केली, पुढच्या आठवड्यात काढून घेतो.

असे किती पुढचे आठवडे गेले ते विचारू नका. एक बकुळ वाळली. दुसरीची पानं पिवळी पडायला लागली.

एका दुपारी सत्तरी ओलांडलेली ती बाई पाटावर बसून छिन्नी-हातोडीने ब्लॉक उचकटायला लागली. काढलेले ब्लॉक बाजूला नीट रचून ठेवत होती.

कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला. तक्रारी सुरू झाल्या.

मी नोटीस काढली. सोसायटीच्या मालमत्तेचे नुकसान, सात दिवसांत खुलासा करावा. खाली माझी सही. हातात द्यायची हिंमत नव्हती, म्हणून दाराखालून सरकवली.

संध्याकाळी काकू ऑफिसात आल्या.

"शिरीष, कंत्राटदार मला त्याच दिवशी म्हणाला होता, कोणी सांगितलं ते."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"वाटलं, तू सांगशील. वाट बघत होते रे."

तेव्हा तरी माफी मागायची ना? मी खाली मान घालून फाइल चाळत बसलो. नोटीससुद्धा मागे घेतली नाही.

काकूंनी पुन्हा छिन्नीला हात लावला नाही. उरलेल्या दोन बकुळीही गेल्या.

माझ्याशी मात्र त्या पहिल्यासारख्याच बोलायच्या. मुलीच्या परीक्षेची चौकशी करायच्या. मला लाज वाटायची, म्हणून मी घाईत असल्याचं दाखवून सटकायचो.

आज सकाळपासून ग्रुपवर एकच चाललंय. काकूंच्या नावाने एक झाड लावू या. सेक्रेटरी, जागा सुचवा.

मी खाली जाऊन दोन फेऱ्या मारल्या. गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत एक रोप मावेल एवढी माती कुठे उघडी नाही. पहिली बकुळ होती तिथे माझी गाडी उभी आहे.

गाडी आज काढतोय. खालचे ब्लॉकही काढायला घेतोय. कुणाला तक्रार करायची असेल तर माझ्या नावाने करा.

नलूकाकू, कंत्राटदाराची चूक नव्हती. मी सांगितलं होतं त्याला.

हे तुमच्यासमोर बोलायला हवं होतं. तुम्ही वाट बघितलीत, आणि मी आज बोलतोय.

नमस्कार, काकू.