वेलबुट्टीची भिंत

त्याचं खरं नाव घराच्या कागदपत्रांपुरतं उरलं होतं. बाकी सगळे त्याला वेलबुट्टी म्हणायचे. चाळीस वर्षं त्याने पाट्या रंगवल्या, आणि पाटी वकिलाची असो की पिठाच्या गिरणीची, कडेने पानाफुलांची वेल काढल्याशिवाय त्याचा हात थांबत नसे. कोरी कड दिसली की त्याला बोळकं तोंड बघितल्यासारखं वाटे. मग छापील फलक आले, दोन तासांत तयार होणारे. वर्षभर त्याच्याकडे एकही भिंत आली नव्हती. डब्यात उभ्या ब्रशांकडे तो घरातल्या म्हाताऱ्यांकडे बघावं तसा बघे. आहेत, एवढंच.

अशात एका शुक्रवारी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या मोठ्या नर्सताई दुकानात आल्या. दवाखान्याच्या दारावर क्यूआर कोडचा कागद असे. फोन धरला की नंबर लावायचं पान उघडे. कुणीतरी त्यावर तसलाच दुसरा कोड चिकटवला होता. त्यातून उघडणारं पान हुबेहूब दवाखान्याचं, फक्त ते बँकेचा गुप्त आकडा विचारी. सांधेदुखीच्या आजींनी तो भरला आणि त्यांची महिन्याची पेन्शन गेली. कागद तीनदा बदलला, तीनदा त्यावर दुसरा चिकटला.

"भिंतीवरच रंगवता येईल का हो?" नर्सताई म्हणाल्या. "कागदावर कागद लक्षात येत नाही. रंगावर चिकटवला तर नुसता हात फिरवून कळेल."

"ताई, ही लिपी मला वाचता येत नाही."

"कुणालाच येत नाही. फोनला येते. सोमवारी सगळ्या दवाखान्यांची समिती बघायला येणार आहे. चाललं तर बाकीच्या दहा दवाखान्यांच्या भिंती तुमच्या. नाही चाललं तर ते कागदासाठी काचेच्या पेट्या बसवणार."

नाही चाललं तर दुकानाला कुलूप, हे त्याने मनातल्या मनात पुढे जोडलं.

कोड त्याच्या सुनेने बनवला. दवाखान्याच्या पानाचा पत्ता तिने फोनवर टाकला आणि चित्र छापून आणलं. "पत्ता थेट त्यांचाच घातलाय, बाबा. मधल्या कुणाच्या पत्त्यावरून फिरवणारा कोड उद्या बंद पडला, तर तुमची भिंत फुकट. आणि पत्ता आखूड आहे म्हणून पंचवीस गुणिले पंचवीस चौकोनांत भागलं."

"हे तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कशाला?"

"त्यावरून फोनला कळतं, वर कुठे नि खाली कुठे."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यापेक्षा हुशार."

"त्याला वाढवलं कुणी?" सून म्हणाली.

त्याने कात्रीने छापील कागदाची पांढरी कड कापून टाकली आणि चित्र पुठ्ठ्यावर नेमकं बसवलं. शनिवारी सकाळी भिंत पांढरी करून, खडू लावलेल्या दोरीने दोन-दोन इंचांच्या रेघा मारल्या. सहाशे पंचवीस घरं. हाताखाली काठी धरून तो एकेक घर काळं करत गेला. अक्षर रंगवताना अर्थ मदतीला येतो, पुढचं अक्षर कोणतं ते मन आधीच सांगतं. इथे मन मुकं होतं. होती ती फक्त नजर आणि मोजणी, आणि त्याला त्यात एक जुनी, कडक शांतता सापडली. रविवारी दुपारी शेवटचं घर भरलं. मग हात आपसूक हिरव्या डब्याकडे गेला, आणि चारी बाजूंनी चौकोनांना खेटून अशी वेल उतरली की जाणारे-येणारे थबकले.

सुनेने फोन धरला. काही नाही. मागे सरकली, पुढे आली. काही नाही.

"एखादं घर चुकलं असेल," ती म्हणाली.

"चुकलेलं नाही."

तरी दोघांनी ओळीने सगळी घरं पुठ्ठ्याशी ताडून पाहिली. एकही चुकलं नव्हतं. मग सून फोनवर काहीबाही वाचू लागली आणि वाचता वाचता तिने वर वेलीकडे पाहिलं.

"बोल."

"भोवती चार घरांएवढी जागा कोरी लागते, बाबा. चारी बाजूंनी. नाहीतर कोड कुठे सुरू होतो तेच फोनला कळत नाही."

आठ इंच. कात्रीने कापली ती कड फुकटची पांढरी नव्हती तर. चाळीस वर्षं त्याने रिकामपणाला घाबरून पानं काढली होती, आणि रिकामपणाही काही सांगत असतो हे त्याला आज एक भिंत शिकवत होती.

"पांढरा डबा दे," तो म्हणाला.

एक हात त्याने संध्याकाळी मारला, दुसरा पहाटे. हिरवं पान न् पान बुजलं.

सोमवारी समितीचे तिघे आले. नर्सताईंनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन तिथूनच फोन उंचावला. फोन टुणकन वाजला. उघडण्याआधी त्यांनी पत्ता मोठ्याने वाचला, दवाखान्याचाच होता. समितीतल्या साहेबांनी अलीकडून धरला, तिरका धरला, प्रत्येक वेळी तेच पान.

"हे हाताने केलंय?" साहेबांनी विचारलं.

"पायाने जमलं नाही," वेलबुट्टी म्हणाला. साहेब हसले आणि दहा भिंतींची यादी त्याच्या हातात पडली.

चौथ्या दिवशी भिंतीवर पुन्हा कुणीतरी कागद डकवला. आता तो चार फुटी कोडाच्या मधोमध गालावरच्या पट्टीसारखा दिसत होता. नंबर लावायला आलेल्या सांधेदुखीच्या आजींनी आधी भिंतीवर तळहात फिरवला, मग त्याच वाकड्या बोटांनी कागदाची कड उचकटली आणि तो टरकन फाडला.

"माझ्या पेन्शनवर जगतोय मेला," त्या म्हणाल्या आणि गोळा झालेल्या माणसांना सांगू लागल्या, "आधी हात फिरवा, मग पत्ता वाचा, आणि बँकेचा आकडा कुणाच्या बापाला द्यायचा नाही."

वेलबुट्टी समोरून सुनेबरोबर दोरी आणि डबे घेऊन दुसऱ्या भिंतीकडे निघाला होता. तो थांबला.

"बाबा, आजींचं वाक्य खाली लिहायचं का?"

"लिहू. आठ इंच सोडून."